जोडलेली गाडी

इंग्लंडात १९७३ पर्यंत नवी गाडी घ्यायची म्हणजे तिच्या किमतीवर 'परचेस टॅक्स' नावाचा भरभक्कम कर भरावा लागे. पण तीच गाडी सुटी करून, खोक्यात भरून विकली, तर ती गाडी नव्हे, नुसते सुटे भाग. म्हणजे कर माफ! आता सरकारी बाबू कुठल्याही देशातले असोत, इतके काही भोळे नसतात. त्यांनी अट घातली की खोक्यासोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. सूचना दिल्या की ती गाडीच झाली. यावर लोटस कंपनीनं काय केलं, तो किस्सा मोटारवेड्या लोकांत फार प्रसिद्ध आहे. त्यांनी गाडी खोलायच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकानं त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या, बस्स.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा किस्सा भलताच जवळचा वाटतो. दुसऱ्यानं लिहिलेला, कागदपत्रं नसलेला कोड उलटा वाचत बसण्यातच आमची निम्मी नोकरी जाते.

तर मंडळी, आज विषय आहे 'किट कार'चा. म्हणजे घरी जोडलेल्या, आणि बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या प्रसिद्ध गाडीची नक्कल असलेल्या गाड्यांचा. त्या बांधण्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. फोटो छान येतात, बायको-पोरं शेजारी उभी असतात. पण बांधून झाल्यावर पुढची वीस-तीस वर्षं ती गाडी चालवायची कशी, बिघडली तर उघडायची कुणी, हा भाग कुणी लिहीत नाही. मला त्यातच जास्त रस आहे. का, ते पुढे येईलच.

लोटसचा मालक कॉलिन चॅपमन हा शिक्षणानं इंजिनियर. १९४८ साली त्यानं आपली पहिली गाडी बांधली ती होणाऱ्या बायकोच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये, एका जुन्या 'ऑस्टिन सेव्हन'च्या सांगाड्यावर. ऑस्टिन सेव्हन ही १९२२ पासून निघालेली इंग्लंडातल्या मध्यमवर्गाची गाडी, आपल्याकडच्या मारुती ८०० सारखी. त्यामुळे तिचे मोडके सांगाडे कवडीमोल भावात कुठेही मिळत. त्यावर नवं अंग चढवून लोक 'स्पेशल' बांधायचे. चॅपमन त्यातलाच एक. मग १९५७ मध्ये त्यानं 'लोटस सेव्हन' आणली. दोन माणसं बसतील एवढी, छप्पर जवळपास नाहीच, दारं नाहीत, वजन अर्ध्या टनाच्या आसपास. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर सपाट अॅल्युमिनियमचे पत्रे, आणि इंजिन रोजच्या फोर्ड गाडीचं.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. सगळ्या गोष्टीची किल्ली त्यात आहे. सेव्हनचं रूप वेगळं, पण पोटातला माल बाजारात मिळणारा. ज्या गाडीतून तो माल काढला तिला किटवाले 'डोनर' म्हणतात, दाता गाडी. तुमची गाडी किती वर्षं जगेल हे तुमच्या वेल्डिंगवर जितकं अवलंबून असतं, तितकंच दात्याचे सुटे भाग बाजारात किती वर्षं मिळतात यावर.

१९७३ मध्ये ब्रिटननं परचेस टॅक्स काढून व्हॅट आणला आणि खोक्यातल्या गाडीचा फायदा एका फटक्यात संपला. त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क कॅटरहॅम नावाच्या आपल्याच विक्रेत्याला देऊन टाकले. गाडी तिथेच संपायला हवी होती. झालं उलटं. नळ्या सरळ, पत्रे सपाट, त्यामुळे नक्कल करायला इतकी सोपी दुसरी गाडी जगात नाही. १९९६ मध्ये रॉन चँपियन नावाच्या गृहस्थांनी एक पुस्तक लिहिलं, अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा अशा अर्थाचं. त्यातून 'लोकॉस्ट' नावाची जातच तयार झाली. गॅरेज, वेल्डिंग मशीन, एक मोडकी फोर्ड एस्कॉर्ट आणि सहनशील कुटुंब एवढं भांडवल पुरे.

आणि ही सेव्हन आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेली, हे किती जणांना ठाऊक आहे? अलिबागजवळ कार्ले खिंडीत गुइडो बोथे आणि शमा बोथे या दांपत्यानं २००३ मध्ये 'चिंकारा मोटर्स' सुरू केली. त्यांची 'रोडस्टर १.८ एस' म्हणजे दिसायला सरळसरळ लोटस सेव्हनची बहीण. अंग फायबर ग्लासचं. आणि दाता कोण? तर आपली अँबॅसेडर! हिंदुस्थान मोटर्सकडे इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. आधी ते कॉन्टेसात बसलं, मग नव्वदच्या दशकात अँबॅसेडरमध्ये. तेच चिंकारात. मंत्र्यांच्या लाल दिव्याच्या गाडीचं इंजिन, अलिबागच्या समुद्राकाठी, बिनछपराच्या गाडीत. मला तर हे चित्र फार आवडतं.

आता या गाडीच्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. कॉन्टेसा २००२ च्या सुमारास बंद झाली. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसेडर बंद झाली. म्हणजे दाता गेला. आज गास्केट हवं असेल तर जुन्या बाजारात शोधा, भंगारातली कॉन्टेसा हेरून ठेवा. रोडस्टर काही वाईट गाडी नव्हे, पण तिचं आयुष्य तिच्या हातात राहिलेलं नाही. आमच्याकडे एखाद्या प्रोग्रॅमनं भलत्याच कुणाच्या लायब्ररीवर भिस्त ठेवलेली असते आणि एक दिवस ती लायब्ररी लिहिणारा हात झटकतो, अगदी तसंच.

फायबर ग्लासच्या गाडीची आणखी एक गंमत आहे. साध्या गाडीत बॅटरीची उणे बाजू गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते. दिव्याला, हॉर्नला एकच वायर न्यायची, परतीचा प्रवाह पत्र्यातून येतो. यालाच मिस्तरी लोक 'अर्थ' किंवा 'बॉडी' म्हणतात. फायबर ग्लासमधून वीज वाहत नाही. म्हणजे प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर हवी, आणि ती सांगाड्याला जिथे पकडली तिथला रंग खरवडलेला हवा. दोन पावसाळे गेले की तिथे गंज चढतो, आणि मग जी भुताटकी सुरू होते ती विचारू नका. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा खाली जातो. गाडी बिघडलेली नसते, प्रवाह परतीची वाट शोधत भलत्याच बल्बमधून जात असतो. साध्या गाड्यांवर हात बसलेला मिस्तरी इथे चकतो, कारण अर्थ गेला असेल हा विचार त्याच्या मनात शेवटी येतो. घरी बांधलेल्या गाडीत तो सगळ्यात आधी यायला हवा.

सांगाड्याचंही असंच. नळ्या आतून गंजतात, बाहेरून रंग चकाचक. जिथे इंजिन टेकलेलं असतं तिथल्या जोडांना बारीक तडे जातात. नटबोल्ट थरथरून सैल होतात, म्हणून जाणते लोक घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ मारून ठेवतात. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. कारखान्यातून आलेल्या गाडीत हे सगळं कुणीतरी लाखो किलोमीटर चालवून आधीच तपासलेलं असतं. घरच्या गाडीत तपासणारे तुम्हीच, आणि चाचणीही तुमच्याच जिवावर.

असो. आता थोडं आपल्या देशाकडे. गंमत अशी की भारतात मोटार आली ती बऱ्याच अंशी खोक्यातूनच. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला, तो सुटे भाग आणून गाड्या जोडण्याचा. फोर्डही तेच करत होती. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडू लागली. महिंद्रांनी विलीजच्या जीप अशाच सुट्या आणून जोडल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं की नुसती जोडाजोडी नको, ज्यांना इथेच गाडी घडवायची आहे त्यांनीच थांबावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेल्या. पण पाव शतक खोकी फोडून गाड्या जोडणारे हात इथेच राहिले. आपल्याकडच्या मिस्तरी नावाच्या जमातीचा इतिहास लिहायचा झाला तर माझ्या मते तो या शेडमधून सुरू करावा लागेल.

आणि त्याच काळात इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचा माणूस स्वतःची गाडी बांधत होता. 'मीरा' तिचं नाव. पहिली मीरा १९४९ सालची. म्हणजे चॅपमन आपल्या गॅरेजमध्ये खटपट करत होता जवळपास तेव्हाच. मीरा कुणाची नक्कल नव्हती. छोटी, मागे इंजिन, स्प्रिंगांऐवजी रबर वापरलेलं, सामान्य माणसाला परवडावी म्हणून भाग कमीत कमी. कुलकर्णी ती पंचवीसेक वर्षं सुधारत राहिले. सत्तरच्या दशकात तिची किंमत बारा हजारांच्या आसपास बसेल असा त्यांचा अंदाज होता. गाडी रस्त्यावर धावत होती, लोकांनी पाहिली होती. उत्पादन मात्र कधीच झालं नाही. १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर मोटार कारखाना म्हणजे दिल्लीचा परवाना, आणि छोट्या गाडीचा परवाना १९७० मध्ये कुणाला मिळाला हे सगळ्यांना माहीत आहे. ती मारुतीसुद्धा प्रत्यक्षात १९८३ च्या डिसेंबरात आली, तीही सुझुकीचा हात धरून.

मीराबद्दल लिहिणारे इथे उसासा टाकून थांबतात. मला एक वेगळाच प्रश्न पडतो. चॅपमननं फोर्डचं इंजिन उचललं, कुलकर्ण्यांचा ध्यास सगळंच स्वतः घडवायचा. अभिमान कुणाचा मोठा, तर कुलकर्ण्यांचा. पण दुरुस्तीच्या नजरेनं पाहिलं तर चॅपमन शहाणा. त्याच्या जुन्या गाडीचा पिस्टन कुठल्या तरी फोर्डमधून मिळतो. मीराचा पिस्टन फक्त मीरात. कारखाना निघाला असता तर प्रश्न नव्हता, पण कारखाना निघेपर्यंत दाता नसलेली गाडी एकाच माणसाच्या आयुष्याएवढी जगते.

आता आमच्या गावाकडे येतो. सौंदड, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना सहा नंबर, आताचा ५३ नंबरचा महामार्ग आमच्या गावावरून जातो. भंडारा, लाखनी, साकोली, मग सौंदड, पुढे कोहमारा आणि देवरी. चहूकडे धान, मधे मधे राईस मिल, आणि थोडं आत गेलं की नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल.

स्पोर्ट्स कारची नक्कल आमच्याकडे कुणी कशाला करेल? आमच्याकडे नक्कल व्हायची ती जीपची. आणि ती हौस नव्हती, गरज होती. पावसाळ्यात बांधीच्या कडेनं, चिखलातून, पोती घेऊन जाणारं दुसरं काय होतं? नवी जीप घ्यायची ऐपत नाही. मग कुठल्या तरी सरकारी खात्याच्या लिलावात सांगाडा घ्यायचा, इंजिन दुसरीकडून आणायचं, अंग पत्रेवाल्याकडून ठोकून घ्यायचं. आमच्या घरी अशी एक आहे. आजोबांनी ऐंशीच्या दशकात गावातल्या एका मिस्तरीकडून जोडून घेतलेली. समोरून पाहिलं तर युद्धाच्या सिनेमातली विलीज. सांगाडा महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपचा. अंग साकोलीला ठोकलेलं. आणि इंजिन ट्रॅक्टरचं.

हसू नका, यात तर्क आहे. १९६३ मध्ये महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर ट्रॅक्टर काढला, बी-२७५. पुढे खुद्द महिंद्रांनीच आपल्या काही डिझेल जीपमध्ये त्याच घराण्याचं इंजिन बसवलं. म्हणजे आमच्या मिस्तरीनं जे केलं ते कंपनीनंही केलेलं होतं. शिवाय दाता पाहा किती हुशारीनं निवडलेला! धानाच्या मुलखात ट्रॅक्टरचं इंजिन कुठल्याही गावचा माणूस उघडू शकतो. पिस्टन, रिंगा, नोझल सगळं तालुक्याला मिळतं. मुंबईहून काही मागवायचं काम नाही. अलिबागच्या रोडस्टरचा दाता मेला, आमच्या जीपचा दाता अजून शेजाऱ्याच्या बांधीत चिखलणी करतोय.

किंमत मोजावी लागते ती वेगात. ही गोष्ट मला लहानपणी कळत नव्हती, इंजिनियरिंग झाल्यावर कागदावर मांडून पाहिली. जुन्या जीपच्या मागच्या एक्सलचं प्रमाण ५.३८, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन ५.३८ वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. पेट्रोल इंजिन चार हजार फेऱ्यांपर्यंत जाणारं, म्हणून ते प्रमाण ठेवलेलं. आमच्या इंजिनाचा गव्हर्नर दोन हजारांना बांधलेला. दोन हजार भागिले ५.३८ म्हणजे चाकाच्या मिनिटाला ३७२ फेऱ्या. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरला तर ताशी पन्नास किलोमीटर. त्याच्या वर ही गाडी उतार असल्याशिवाय जाणारच नाही. आजोबा म्हणायचे, "कायले धावाले पायजे, पोचते ना जी!" तेव्हा दोन पदरी रस्ता होता. आता चौपदरीवर ट्रक ऐंशीनं येतात आणि मागून असा हॉर्न वाजवतात की आपण कुणाच्या वरातीत घुसलोय असं वाटतं.

दुसरी किंमत थरथरीची. ट्रॅक्टरमध्ये इंजिन हाच सांगाड्याचा भाग असतो, ते रबरावर तोलायचं नसतंच मुळी. जीपच्या नाजूक पकडीवर ते बसवलं की पकडी फाटणार. मिस्तरीनं कुठल्या तरी ट्रकचे रबर कापून ठोकळे केले होते. कुठल्या, ते त्यालाच ठाऊक. आणि खरी अडचण इथेच आहे. मिस्तरी गेला. त्याच्या डोक्यात ही गाडी संपूर्ण होती: कुठला बेअरिंग कशाचा, क्लच प्लेट कशाची, स्टार्टर कुणाचा. कागदावर एक ओळ नाही. आमच्या कंपनीत नवीन प्रोजेक्टवर पहिला प्रश्न विचारतात की यातला एक माणूस उद्या गेला तर काम चालेल का. सौंदडच्या शेडमध्ये हा प्रश्न विचारायचं कुणाला सुचलं असतं?

म्हणून गेली दोन वर्षं मी सुट्टीत गावी गेलो की लोटसच्या गिऱ्हाइकाचं काम उलटं करतो. त्यांच्याकडे खोलायच्या सूचना होत्या, जोडायचं होतं. माझ्याकडे जोडलेली गाडी आहे, सूचना लिहायच्या आहेत. एकेक भाग उतरवायचा, धुवायचा, त्यावरचा ओतीव नंबर वाचायचा, व्हर्नियरनं माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं. सगळ्यात जास्त वेळ ब्रेकनं खाल्ला. पायडल फार खोल जायचं, हवा काढून काढून दमलो. शेवटी मापं घेतली तेव्हा कळलं की मागच्या चाकांचे सिलिंडर वेगळ्या मॉडेलचे, मूळच्यापेक्षा मोठ्या व्यासाचे. चाकाचा सिलिंडर मोठा, त्याला तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर मात्र जुनाच छोटा. म्हणजे तेवढंच तेल पुरवायला पायडल जास्त खाली जाणार. गळती कुठेच नव्हती, हिशेबच जुळत नव्हता. आणि पुढच्यापेक्षा मागचे ब्रेक जोरात लागणार, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीचं बूड फिरणार. चाळीस वर्षं ही गाडी तशीच चालली, कारण वेग पन्नासच्या वर गेलाच नाही. एका जुगाडानं दुसऱ्या जुगाडाला सांभाळून घेतलं!

कायद्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. विचारायलाच हवं.

सांगाड्याचा नंबर कागदावर आहे, इंजिन बदलल्याची नोंद त्या काळी रीतसर करून घेतली होती, म्हणून आमची गाडी अजून कागदोपत्री जिवंत आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला, त्याआधी सगळं भंडाऱ्याला, त्यामुळे कागद पिवळे आणि नंबर जुन्या तीन अक्षरी मालिकेतला. पण आज अशी गाडी नव्यानं बांधता येणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. त्यात २००० च्या दुरुस्तीनं असं झालं की कंपनीनं दिलेल्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितलं. पूर्ण नवी गाडी बांधायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुना मंजूर करून घ्या. हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीला ते ठीक, एकच गाडी बांधणाऱ्याला तो खर्च म्हणजे चेष्टा आहे.

जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये नवे नियम आले, पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'विंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांचा नंबर. पण त्याची अट काय, तर सांगाडा, अंग, इंजिन यात मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणजे शो-रूममधून आणून शेडमध्ये झाकून ठेवलेली गाडी वारसा, आणि चाळीस वर्षं शेतकऱ्याच्या घरी राबलेली गाडी नव्हे. हे मला पटत नाही. आमच्या घरावरचे कवेलू दरवर्षी पावसाळ्याआधी फेरतात, फुटलेले काढून नवे घालतात. म्हणून घर वेगळं झालं असं कुणी म्हणत नाही.

२०२१ च्याच डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची गाडी देशभर गाजली. (देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव.) त्यांनी मुलाच्या हट्टासाठी जीपसारखी दिसणारी छोटी गाडी बांधली. खर्च साठ हजारांच्या आसपास, आणि ती मोटारसायकलसारखी किक मारून सुरू व्हायची! आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, आणि सोबत हेही सांगितलं की नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या अधिकारी ही गाडी थांबवतील, तेव्हा ती आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो घरी आली. त्याच सुमारास सांगलीतल्याच एका दुचाकी गॅरेजवाल्यानं लॉकडाऊनमध्ये १९३० च्या फोर्डच्या रूपाची गाडी बांधली, तिच्याही बातम्या झाल्या. पण बातमी येते ती पहिल्या दिवसाची. पाचव्या वर्षी त्या गाडीचा ब्रेक कोण बघणार?

ब्रिटननं यावर काढलेला मार्ग मला बरा वाटतो. १९६० मध्ये त्यांनी जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी आणली आणि ऑस्टिन सेव्हनवरचे कितीतरी 'स्पेशल' रस्त्यावरून गेले. गेले ते योग्यच, ब्रेक नसलेली गाडी कौतुकाची नसते. पण त्यांनी दार बंद केलं नाही. १९८३ पासून ज्या गाडीचं वय किंवा मूळ सांगता येत नाही तिला 'क्यू' अक्षराचा नंबर मिळतो. १९९८ पासून एका-एका गाडीची स्वतंत्र तपासणी सुरू झाली, २००९ मध्ये ती आणखी कडक केली. गाडी घेऊन जा, ब्रेक, दिवे, टोकदार कडा, धूर सगळं बघतील, नापास केलं तर दुरुस्त करून परत या. आपल्याकडे नागपुरात, पुण्यात अशी तपासणी ठेवायला काय हरकत आहे? आमची जीप तिथे पहिल्या फेरीत नापास झाली असती, मागच्या ब्रेकवर. आणि ते आम्हाला चाळीस वर्षांपूर्वीच कळलं असतं.

दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येतं. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी ६०० वरून ५,००० झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना आणखी वाढली. वडील म्हणतात विकून टाकू, भंगारवाला घरी येऊन नेतो. आई म्हणते राहू दे, तुझ्या आजोबांची आहे. मामाजींचं मत असं की अंगणातली जागा तरी मोकळी होईल. सगळ्यांचं बरोबर आहे.

सध्या वहीची ऐंशी पानं भरली आहेत. मागचे सिलिंडर मूळ मापाचे बसवले, पायडल आता निम्म्यावर धरतं. क्लच प्लेटचा नंबर घासला गेलाय, पण दाते मोजले, व्यास मोजला, आणि गोंदियाच्या दुकानदारानं बघताक्षणी कशाची ते सांगितलं. इंजिनाखालचे ते रबराचे ठोकळे मात्र अजून कशाचे ते कळलेलं नाही. देवरीला ट्रकचं काम करणारे एक म्हातारे मिस्तरी आहेत, आमच्या मिस्तरीबरोबर त्यांनी उमेदवारी केली होती म्हणे. दिवाळीत ठोकळा काढून त्यांच्याकडे घेऊन जाणार आहे.